पाइप तोच, पाणी बदललं

शिशाच्या पाइपातून पाणी आलं की त्यात शिसं उतरणारच असं बहुतेकांना वाटतं, आणि ते अर्धंच खरं आहे. ऐंशी-शंभर वर्षं जुना शिशाचा पाइप असलेल्या घरात नळाच्या पाण्यात शिसं नावालाच सापडतंय असं वर्षानुवर्षं चालू शकतं, आणि मग तोच पाइप, तेच घर, पण वर्षभरात पाणी बाळाला देण्याच्या लायकीचं राहत नाही. पाइपाला कोणी हातसुद्धा लावलेला नसतो. बदललेलं असतं ते प्लँटमधून येणारं पाणी, आणि बऱ्याचदा ते चांगल्या कारणासाठीच बदललेलं असतं. ह्या विषयावर मराठीत नीट लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय, लांब होईल, पण वाचा.

माझी ओळख द्यायची तर मी केमिस्ट्रीवाली. बाबा नगरपालिकेच्या फिल्टर प्लँटवर होते, त्यामुळे तुरटीचा डोस, जार टेस्ट, टीसीएल, ओटी टेस्ट हे शब्द आमच्या घरात भाजी-आमटीसारखे कानावर पडायचे. आता मी अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीमध्ये एका जुन्या घरात भाड्याने राहते आणि पाण्याचे नमुने तपासायचं काम करते. बाबांच्या प्लँटवर काळजी असायची ती गढूळपणाची आणि जंतूंची, म्हणजे पाणी प्लँटमधून निघताना कसं आहे त्याची. इथे आल्यावर मला कळलं की पाणी प्लँटमधून अगदी स्वच्छ निघून सुद्धा तुमच्या दारातल्या शेवटच्या वीस-तीस फुटात बिघडू शकतं, कारण रस्त्याखालची मोठी लाइन लोखंडाची असते पण तिथून घरात येणारं कनेक्शन जुन्या वस्त्यांमध्ये शिशाचं आहे. शिसं मऊ, वाकतं, फुटत नाही, जमीन हलली तरी टिकतं, म्हणून प्लंबर लोकांना ते आवडायचं. शिकागोमध्ये तर १९८६ पर्यंत घराचं कनेक्शन शिशाचंच हवं असा शहराचा नियम होता! त्या वर्षी देशभर बंदी आली तेव्हा थांबलं.

आता मुख्य गोष्ट. पाइपातलं पाणी पाइपाच्या धातूला सहसा थेट लागत नाही. आतल्या बाजूला वर्षानुवर्षं एक थर बसलेला असतो, शिसं आणि पाण्यातल्या इतर गोष्टी मिळून तयार झालेला, कधी पांढरट, कधी तपकिरी. पितळेच्या पातेल्याला कल्हई असते ना, तसं समजा. कल्हई आहे तोवर त्यात आमटी करा काही होत नाही, आणि कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. फरक एवढाच की ही कल्हई कुणी मुद्दाम लावलेली नाही, ती पाण्यानेच घडवलीय, आणि ती टिकते ती सुद्धा त्याच प्रकारचं पाणी रोज वाहत राहिलं तरच. पाण्याचा स्वभाव बदलला की ती सुटायला लागते.

थर कशाचा आहे ह्यावर सगळं अवलंबून. साधारणपणे शिशाचं कार्बोनेट बनतं, ते फार भक्कम नसतं, पाण्याचा पीएच (म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप) आणि त्यातले विरघळलेले कार्बोनेट जसे असतील तसं ते कमी-जास्त विरघळतं. म्हणूनच डोंगरातलं मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी शिशाच्या पाइपाला सगळ्यात वाईट. ग्लासगोला हेच झालेलं, लॉख कॅट्रिनचं पाणी १८५९ पासून शहराला येतं, इतकं मऊ आणि शुद्ध की लोकांना त्याचा अभिमान, पण त्याच मऊपणामुळे ते घरोघरी शिसं ओढून घ्यायचं, शेवटी पाण्यात चुना घालून पीएच वाढवावा लागला आणि पुढे फॉस्फेट. दुसरा थर फॉस्फेटचा, तो जास्त घट्ट, आणि तो मुद्दाम बनवून घेता येतो, प्लँटमध्ये पाण्यात थोडं ऑर्थोफॉस्फेट सोडलं की काही महिन्यांत पाइपांच्या आत शिशाचं फॉस्फेट बसतं जे जवळपास विरघळत नाही. आणि तिसरा थर म्हणजे लेड डायऑक्साइड. हा सगळ्यात कमी विरघळणारा, पण हा तयार होतो आणि टिकतो तो फक्त पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद (दुसऱ्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची) जास्त असेल तेव्हाच, म्हणजे पाण्यात साधा मुक्त क्लोरीन भरपूर असेल तेव्हा. हा तिसरा थर लक्षात ठेवा कारण वॉशिंग्टनची सगळी कथा त्याच्यावर आहे.

झालं असं. वॉशिंग्टनला पाणी येतं पोटोमॅक नदीतून, शुद्ध करतं वॉशिंग्टन अ‍ॅक्वेडक्ट, जे अमेरिकन सैन्याच्या इंजिनिअर दलाकडे आहे. बरीच वर्षं जंतू मारायला क्लोरीन. नदीच्या पाण्यात पालापाचोळा कुजून आलेले सेंद्रिय पदार्थ असतात, त्यांच्याशी क्लोरीनची रिअ‍ॅक्शन होऊन ट्रायहॅलोमिथेन वगैरे उप-उत्पादनं बनतात आणि ती वर्षानुवर्षं पोटात गेली तर कॅन्सरचा धोका. त्यावरचे नियम कडक व्हायला लागले तेव्हा अनेक शहरांनी केलं तेच इथे केलं, नोव्हेंबर २००० मध्ये शहरात जाणाऱ्या पाण्यात मुक्त क्लोरीनऐवजी क्लोरामाइन ठेवायला सुरुवात केली. क्लोरामाइन म्हणजे क्लोरीनमध्ये थोडा अमोनिया मिसळला की जे बनतं ते, जंतूंवर जरा सौम्य पण लाइनमध्ये जास्त वेळ टिकणारं, आणि ती कॅन्सरवाली उप-उत्पादनं खूप कमी. कागदावर सगळं उत्तम. खरंच उत्तम, त्या लोकांना मी दोष देणार नाही ह्या एका निर्णयासाठी.

पण त्या शहरात तेव्हा साधारण २३,००० घरांची कनेक्शनं शिशाची होती आणि त्यांच्या आत, क्लोरीनच्या जोरावर, तो लेड डायऑक्साइडचा थर बसलेला होता. क्लोरामाइन आल्यावर पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद खाली आली, इतकी खाली की लेड डायऑक्साइडला त्या पाण्यात टिकून राहणं जमेना. मग ते हळूहळू साध्या, विरघळणाऱ्या शिशात बदलायला लागलं आणि पाण्याबरोबर नळातून बाहेर. म्हणजे अनेक वर्षं जमा झालेला साठा एकेक घोट करून लोकांच्या पेल्यात यायला लागला. पाणी दिसायला नितळ, चव तीच, वास उलट क्लोरीनचा कमीच झालेला. घरातल्या माणसाला कळणार कसं?

मापांमध्ये दिसायला लागलं होतं, पण बाहेर मोठ्याने कोणी बोलेना. ३१ जानेवारी २००४ ला वॉशिंग्टन पोस्टमध्ये बातमी आली की ६,११८ घरांचं पाणी तपासलं त्यातल्या ४,०७५ घरांत शिसं १५ पीपीबी ह्या सरकारी मर्यादेच्या वर आहे, म्हणजे लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर, आणि १५७ घरं अशी जिथे ३०० च्या पण वर. दोन तृतीयांश घरं!! हे आकडे मी कितीतरी वेळा वाचलेत तरी दरवेळी पोटात कालवतं. कारण शिशाला सुरक्षित अशी पातळीच नाही लहान मुलांसाठी, मेंदू घडत असताना गेलेलं शिसं जे नुकसान करतं ते नंतर भरून येत नाही.

व्हर्जिनिया टेकचे मार्क एडवर्ड्स हे प्राध्यापक तेव्हा ह्याच्या मागे लागले होते, मूळचे तांब्याच्या पाइपांना भोकं का पडतात ते शोधत होते आणि त्यात शिशाचे भयंकर आकडे समोर आले. आणि ईपीएमधले (अमेरिकन सरकारची पर्यावरण संस्था) मायकेल शॉक हे पाइपांच्या आतल्या थरांचा अभ्यास करणारे, लेड डायऑक्साइडचा मुद्दा त्यांच्या कामातून पुढे आला. मला ह्यातला सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो तो वसंतातला. इथे दर वर्षी वसंतात काही आठवडे क्लोरामाइन बंद करून पुन्हा साधा क्लोरीन सोडतात, लाइनी आतून साफ राहाव्यात म्हणून. २००४ च्या वसंतात तसं केलं तेव्हा शिसं खाली आलं! पाइप तेच, घरं तीच, फक्त क्लोरीन परत आला. ह्याच्यापेक्षा स्वच्छ प्रयोग लॅबमध्ये सुद्धा करायला जमत नाही. उपाय म्हणून ऑगस्ट २००४ पासून शहराच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घालायला लागले, आणि मग पुढच्या काळात आकडे उतरत गेले. आजही माझ्या नळाच्या पाण्यात ते फॉस्फेट आहे आणि त्याच्याबद्दल मला कृतज्ञताच वाटते.

इथे नमुना घ्यायच्या पद्धतीबद्दल सांगायलाच हवं, माझं रोजचं काम आहे ते. नियम असा होता की पाणी निदान सहा तास पाइपात थांबलेलं असावं आणि नळ उघडल्यावर पहिला लिटर बाटलीत घ्यायचा. आता विचार करा, पहिला लिटर म्हणजे नळ आणि ओट्याखालच्या पाइपातलं पाणी. शिशाचं कनेक्शन तर घराबाहेर, जमिनीखाली, तिथे रात्रभर मुरलेलं पाणी नळाला येतं ते नंतर. पहिला लिटर चांगला आला म्हणून निश्चिंत व्हायचं आणि खरं विषारी पाणी पाचव्या-सहाव्या लिटरला मुलाच्या बाटलीत. त्यात आदल्या रात्री नळ पाच मिनिटं वाहता ठेवा अशा सूचना दिल्या, किंवा नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवायला सांगितली की आकडा अजून चांगला दिसतो. आता नवीन नियमात शिशाचं कनेक्शन असलेल्या घरी पाचवा लिटर सुद्धा तपासायला सांगितलाय, हे फार आधी व्हायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय शिसं फक्त विरघळून येत नाही, थराचे बारीक कण सुटून पण येतात, एका दिवशी ५ आणि दुसऱ्या दिवशी २००, म्हणून एका बाटलीवर कधीच विसंबू नये.

मुलांचं काय झालं हा प्रश्न अनेक वर्षं लोंबकळत राहिला. २००४ मध्ये सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) दिलेल्या अहवालाचा लोकांनी अर्थ घेतला की फारसं काही बिघडलेलं नाही, आणि मग २००९ मध्ये एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या रक्ताचे आकडे लावून दाखवलं की साधारण सव्वा वर्षापर्यंतच्या बाळांमध्ये रक्तात शिसं जास्त असण्याचं प्रमाण २००० च्या तुलनेत २००१ ते २००३ मध्ये चौपटीहून जास्त झालं होतं. सव्वा वर्ष. म्हणजे पावडरचं दूध पाण्यात कालवून पिणारी बाळं. ह्याच्यावर मी काही लिहू शकत नाही.

अजून एक चूक तेव्हा झाली, घाईघाईत हजारो घरांचे शिशाचे पाइप अर्धे बदलले. रस्त्यापासून घराच्या हद्दीपर्यंतचा भाग सरकारी म्हणून तिथे तांब्याचा नवीन पाइप, आणि आतला भाग मालकाचा म्हणून तिथे शिसं तसंच. वाटतं की अर्धं शिसं गेलं म्हणजे अर्धा धोका गेला. पण कापताना हादऱ्याने थर खवळतो, आणि दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना जोडले की ती बॅटरीच झाली, त्यात तांबं सुरक्षित राहतं आणि शिसं झिजतं. जोडाजवळ पाण्याचा पीएच तेवढ्यापुरता खाली जातो आणि शिसं अजूनच सुटतं. पूर्ण बदला नाहीतर हात लावू नका, हे आता सगळे म्हणतात.

फ्लिंटबद्दल तुम्ही ऐकलं असेल, त्यामुळे तिथलं फक्त केमिस्ट्रीचं सांगते. मिशिगनमधलं हे शहर डेट्रॉइटकडून तयार पाणी घ्यायचं, ह्युरॉन सरोवराचं, त्यात ऑर्थोफॉस्फेट घातलेलं. २५ एप्रिल २०१४ ला पैसे वाचवायला म्हणून फ्लिंट नदीचं पाणी स्वतःच्या प्लँटमधून द्यायला सुरुवात केली आणि त्यात फॉस्फेट घातलंच नाही. राज्याच्या पर्यावरण खात्याचं म्हणणं, आधी सहा-सहा महिन्यांच्या दोन तपासण्या होऊ देत मग ठरवू. म्हणजे माणसांवरच तपासणी! वॉशिंग्टनच्या निर्णयाला मी दोष देत नाही म्हटलं, पण इथे देते, कारण दहा वर्षांपूर्वीची वॉशिंग्टनची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

आणि त्यात तुरटीचा मुद्दा. गाळ खाली बसवायला बाबांच्या प्लँटवर तुरटी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. फ्लिंटने वापरलं फेरिक क्लोराइड. गाळ दोन्हींनी बसतो, पण एकातून पाण्यात सल्फेट येतं आणि दुसऱ्यातून क्लोराइड. शिशाला ह्या दोघांची वागणूक अगदी उलटी, सल्फेट असलं की जोडाजवळ शिशाचं न विरघळणारं सल्फेट बसतं आणि झीज थांबते, क्लोराइड असलं की विरघळणारी संयुगं बनतात आणि झीज वाढते. म्हणून क्लोराइड आणि सल्फेट ह्यांचं गुणोत्तर बघतात, साधारण अर्ध्याच्या खाली असलं तर बरं. फ्लिंटमध्ये ते ०.४५ च्या आसपास होतं ते १.६ वर गेलं. नदीत मुळातच क्लोराइड जास्त, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात ते पण वाहून येतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने त्यांच्या इंजिन कारखान्यात ते पाणी वापरणं बंद केलं कारण सुट्या भागांना गंज चढत होता. त्यानंतर जवळपास वर्षभर लोक तेच पाणी पीत होते. शेवटी लीअ‍ॅन वॉल्टर्स नावाच्या आईने आपल्या घरचं पाणी लावून धरलं, ईपीएचे मिगेल डेल टोराल ह्यांनी जून २०१५ मध्ये धोक्याचा अहवाल लिहिला, एडवर्ड्सची टीम बाटल्या घेऊन आली, आणि डॉ. मोना हॅना-अटीशा ह्यांनी सप्टेंबरमध्ये मुलांच्या रक्ताचे आकडे जाहीर केले, पुढे छापून आलेल्या त्यांच्या शोधनिबंधात रक्तात शिसं जास्त असलेली मुलं २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर. १६ ऑक्टोबर २०१५ ला पुन्हा डेट्रॉइटचं पाणी.

न्यूजर्सीच्या मराठी मंडळींसाठी न्यूअर्कचं पण दोन ओळीत, कारण तुमच्या शेजारचंच आहे. तिथे एका प्लँटचं पाणी पाइपांना त्रास देऊ नये म्हणून सोडियम सिलिकेट घालायचे, मग त्या क्लोरीनच्या उप-उत्पादनांवर ताबा ठेवायला पीएच कमी केला आणि खालच्या पीएचला सिलिकेट चालेना. शिसं वर. २०१९ मध्ये फॉस्फेटवर गेले, पण खरं कौतुक म्हणजे घरमालकाकडून पैसे न घेता तीनेक वर्षांत २३,००० च्या वर पाइप पूर्ण बदलले. म्हणजे होतं, मनावर घेतलं की होतं.

मॅडिसन, विस्कॉन्सिनने तर फॉस्फेट नकोच म्हटलं, ते शेवटी सांडपाण्यातून तळ्यांत जातं आणि शेवाळ माजतं, म्हणून त्यांनी २००१ पासून सगळे शिशाचे पाइपच उपटायला घेतले आणि २०१२ पर्यंत संपवले. मला विचाराल तर खरा रस्ता हाच आहे. फॉस्फेट हवंच, उद्याच्या उद्या लाखो पाइप निघणार नाहीत म्हणून हवं, पण ते म्हणजे रोज न चुकता द्यायचं औषध, एखाद्या हिशेबनीसाने खर्च कापला किंवा प्लँट बदलला की पुन्हा पहिल्यापासून. ऑक्टोबर २०२४ च्या नियमाने बहुतेक शहरांना दहा वर्षांत पाइप काढायला सांगितलेत आणि १५ पीपीबीची मर्यादा १० वर आणायचं ठरवलंय, ते व्हायला हवं, कुठलंही सरकार असो.

आपल्याकडे महाराष्ट्रात घरात शिशाचे पाइप क्वचितच, जीआय आणि पीव्हीसी जास्त. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पण पीव्हीसी बनवताना शिशाचं स्टॅबिलायझर वापरायची पद्धत होती, २०२१ मध्ये केंद्राने त्यावर नियम आणले, त्यामुळे नवीन पाइप घेताना ‘लेड फ्री’ लिहिलेला मागून घ्या, आणि स्वस्तातल्या पितळी तोट्यांमध्ये शिसं असू शकतं हे पण ध्यानात ठेवा.

आता इथे राहणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांच्याकडे बाळंतपणासाठी आई किंवा सासूबाई येणार आहेत त्यांच्यासाठी. आई हमखास म्हणणार, ‘पाणी उकळून दे गं बाळाला.’ माझी आई पण म्हणते. जंतूंसाठी बरोबर आहे, पण शिसं उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात शिसं दाट होतं. आईला रागावू नका, नीट समजावून सांगा. घर १९८६ च्या आधीचं असेल तर तळघरात जिथे पाण्याचा पाइप भिंतीतून आत येतो तिथे किल्लीने हलकेच खरवडा, चांदीसारखं चकचकीत निघालं आणि चुंबक चिकटलं नाही तर शिसं, इथल्या पेनीच्या नाण्यासारखं लालसर निघालं तर तांबं, चुंबक चिकटलं तर लोखंड. रंग दिलेला असेल तर आधी थोडा रंग काढा, हात धुवा नंतर. शिसं निघालं तर प्यायला आणि स्वयंपाकाला फक्त गार नळाचं पाणी, कारण गरम पाण्यात शिसं जास्त सुटतं, आणि फिल्टर घेताना एनएसएफ ५३ (फिल्टरच्या प्रमाणपत्राचा क्रमांक) आणि त्याखाली लेड असं स्पष्ट लिहिलंय का बघा, नुसता चव सुधारणारा फिल्टर उपयोगाचा नाही. कार्ट्रिज वेळेवर बदला. तुमच्या शहराच्या पाणी खात्याच्या साइटवर कुठल्या घराचं कनेक्शन कशाचं आहे त्याची यादी असते, पत्ता टाकून बघता येतो. आणि पाणी खात्याकडून ‘आम्ही जंतुनाशक बदलतोय’ किंवा ‘पाण्याचा स्रोत बदलतोय’ असं पत्रक आलं तर ते कचऱ्यात टाकू नका, फोन करून एवढंच विचारा की शिशाच्या पाइपांवर ह्याचा परिणाम तपासलाय का आणि पाण्यात ऑर्थोफॉस्फेट किती आहे. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, आणि पुढचे काही महिने पाणी पुन्हा पुन्हा तपासून घ्या. कोणाला आपल्या रिपोर्टमधले आकडे कळत नसतील तर खाली लिहा, मी वाचून सांगेन.